स्त्रियांच्या राखीव जागा आणि पारलिंगी व्यक्तींचे हक्क : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करताना आणि नोकरदार स्त्रियांच्या एका वसतिगृहाच्या समितीवर काम करताना एकच प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या सुरांत विचारला आहे : जिथे फक्त बायकांनी जायचे, तिथे पारलिंगी स्त्रीला जाऊ द्यावे का? एप्रिल 2025 मध्ये कायद्यातल्या ‘स्त्री’ या शब्दाच्या अर्थाविषयी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर हा प्रश्न वाढला आणि सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यावर तो थेट गोदाकाठी येऊन ठेपला. माझे मत मी लपवणार नाही. कोणाची ओळख काय, याविषयी आपल्याकडच्या कायद्याने पुष्कळ लिहिले, पण दाराशी उभे राहिल्यावर काय करायचे हे कोणीच धड सांगितले नाही, आणि त्याचा त्रास दाराच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना होतो, असे मला वाटते.

‘स्त्रियांची राखीव जागा’ म्हणजे नेमकी कोणती?

बसस्थानकावरचे शौचालय, रामकुंडावरचे वस्त्रांतरगृह, पंचवटी एक्सप्रेसमधला महिलांचा डबा, मुलींचे वसतिगृह, रुग्णालयातला स्त्रियांचा कक्ष, कारागृहातला स्त्रियांचा विभाग, निराधार स्त्रियांचा आश्रयगृहातला निवारा, धावण्याच्या शर्यतीतला स्त्रियांचा गट आणि ग्रामपंचायतीतला स्त्रियांसाठी राखीव प्रभाग, या सगळ्या जागांना आपण एकाच नावाने ओळखतो. संविधानाच्या अनुच्छेद 15 मधले तिसरे कलम राज्याला स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देते, आणि अशा बहुतेक राखीव जागांचे समर्थन त्याच कलमावर उभे आहे. मात्र प्रत्येक जागा राखीव ठेवण्यामागचे कारण वेगळे आहे. कपडे बदलताना आडोसा हवा असतो, रात्रीच्या डब्यात सुरक्षितता हवी असते, शर्यतीत शरीरबळाचा न्याय हवा असतो आणि प्रभागात प्रतिनिधित्व हवे असते. जागा कशासाठी राखली हे न विचारता ‘आत घ्यायचे की नाही’ यावर भांडायला बसले की भांडण मिटत नाही, असा माझा अनुभव आहे.

तृतीयपंथी, पारलिंगी, किन्नर, जोगता हे सगळे एकच का?

नाही. जन्मतः नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग जुळत नाही अशा व्यक्तीसाठी ‘पारलिंगी’ हा शब्द आता रूढ होत आहे. पुरुष म्हणून नोंद झालेली पण स्त्री म्हणून जगणारी ती पारलिंगी स्त्री, आणि याच्या उलट तो पारलिंगी पुरुष. ‘तृतीयपंथी’ हा शासनाच्या कागदोपत्री आणि बोलण्यात सर्रास येणारा शब्द. किन्नर, हिजडा, जोगता ही नावे विशिष्ट परंपरा, गुरू-चेल्यांची घराणी आणि देवीची सेवा यांच्याशी बांधलेली आहेत. कोजागरीला सप्तशृंगगडावर राज्यभरातून जमणारा तृतीयपंथीयांचा मेळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा समाज परका किंवा पाश्चात्त्य वाटण्याचे कारण नाही. जन्मतःच शरीररचना ठरीव स्त्री-पुरुष चौकटीत न बसणाऱ्या आंतरलिंगी व्यक्ती ही आणखी वेगळी गोष्ट आहे, आणि तिची पारलिंगी व्यक्तींशी केली जाणारी सरमिसळ पुढे खेळाच्या प्रश्नात कशी घोटाळा करते ते दिसेलच.

2011 च्या जनगणनेत स्त्री किंवा पुरुष न लिहिता ‘इतर’ अशी नोंद केलेल्यांची संख्या देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 होती.

ब्रिटनच्या न्यायालयाने काय ठरवले, आणि ते इथे लागू होते का?

लागू होत नाही, पण समजून घेण्यासारखे आहे. स्कॉटलंडमधल्या सार्वजनिक मंडळांवर स्त्रियांचे प्रमाण वाढवण्याच्या 2018 च्या कायद्यावरून तिथल्या एका स्त्री-संघटनेने स्कॉटिश सरकारला न्यायालयात खेचले होते. 16 एप्रिल 2025 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, तिथल्या 2010 च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ या शब्दांचा अर्थ जैविक लिंग असाच घ्यायचा; 2004 च्या कायद्याखाली लिंग-ओळखीचे प्रमाणपत्र मिळालेली पारलिंगी स्त्रीसुद्धा त्या कायद्यापुरती ‘स्त्री’ या व्याख्येत येत नाही. याच निकालात, पारलिंगी व्यक्तींना भेदभाव व छळापासून त्याच कायद्याखाली वेगळे संरक्षण आहे आणि ते कायम राहते, हेही स्पष्ट केले आहे. आपल्याकडे फिरलेल्या संदेशांत पहिला भाग ठळक होता आणि दुसरा गायब होता. आणि ज्यांना निकाल आवडला नाही त्यांनीही दुसऱ्या भागाचा उल्लेख क्वचितच केला.

तिथला वाद एका कायद्यातल्या एका शब्दाच्या अर्थाचा होता. आपल्याकडे तसा एकच सर्वसमावेशक समानता कायदा नाही. त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा उचलून नाशिकच्या शौचालयाच्या दाराला चिकटवणे, मग ते कोणत्याही बाजूने असो, चुकीचे आहे.

आपला कायदा काय सांगतो?

15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने तृतीय लिंगाला मान्यता दिली, स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि संविधानातल्या ‘लिंग’ या शब्दात लिंग-ओळखही येते असा अर्थ लावला. त्याच निकालात तृतीयपंथीयांसाठी वेगळी सार्वजनिक शौचालये पुरवण्याचे निर्देशही आहेत. म्हणजे ‘तुम्ही म्हणाल ते तुम्ही’ आणि ‘तुमच्यासाठी वेगळी जागा’ या दोन्ही गोष्टी एकाच निकालात शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि त्या एकमेकींशी कशा जुळवायच्या हे निकाल सांगत नाही.

नंतर पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा 2019 चा कायदा आला आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. तो संमत झाला त्या रूपात त्याच्या कलम 3 ने ‘सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी’ असलेल्या सोयी-सुविधांत पारलिंगी व्यक्तीशी भेदभाव करण्यास मनाई केली, आणि कलम 18 ने सार्वजनिक ठिकाणी जाण्यापासून अडवल्यास सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद केली. (कायद्याचा मजकूर दुरुस्त्यांनी बदलतो, तक्रार किंवा पारलिंगी ओळखीच्या प्रमाणपत्राचा अर्ज करण्याआधी त्या दिवशी लागू असलेला मजकूर पाहावा, हा अशिलांना देतो तोच सल्ला इथेही.) आता गंमत अशी की, स्त्रियांसाठी राखलेले शौचालय हे ‘सर्वसाधारण जनतेसाठी’ म्हणायचे की जनतेतल्या एका भागासाठी, याचे उत्तर त्या शब्दांत नाही. दोन वकील त्यावर दोन दिवस बोलू शकतील.

अनुच्छेद 15 मधले दुसरे कलम मात्र नाशिककरांनी अवश्य वाचावे. विहिरी, तलाव, रस्ते यांच्या जोडीला त्यात ‘स्नानघाट’ हा शब्द आहे, आणि तिथे लिंगाच्या कारणावरून कोणालाही अडवता येत नाही. घाट सर्वांचा आहे. वाद उरतो तो घाटावरच्या आडोशाचा.

मग शौचालयाच्या दारावर बसलेल्या बाईने करायचे काय?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण निर्णय प्रत्यक्षात तीच घेते. एका बसस्थानकावर मी पाहिलेला प्रसंग सांगते. साडी नेसलेली, हातात कापडी पिशवी घेतलेली एक पारलिंगी स्त्री रांगेत माझ्यापुढे होती. गल्ल्यावरच्या मावशींनी तिच्याकडून पैसे घेतले, सुटे परत दिले, आणि मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “ताई, जरा थांबता का, गर्दी कमी होऊ द्या.” त्या बोलण्यात तिरस्कार नव्हता. रांगेतली कोणी आरडाओरडा करेल आणि ठेकेदार आपल्यालाच बोलेल, ही धास्ती होती. ती स्त्री वीस मिनिटे भिंतीला टेकून उभी राहिली. तिची गाडी सुटली की नाही ते मला कळले नाही, माझी मात्र लागली होती.

केंद्र सरकारने 2017 मध्ये स्वच्छ भारत मिशनसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, तृतीय लिंगाच्या व्यक्तींना सार्वजनिक शौचालयात स्त्री किंवा पुरुष यांपैकी त्यांच्या पसंतीच्या बाजूला जाऊ द्यावे, असे म्हटले आहे. ही सूचना त्या मावशींपर्यंत कोणी पोहोचवली नव्हती. पोहोचवायची तर ती भिंतीवर, मोठ्या अक्षरांत, पालिकेच्या शिक्क्यासह लावली पाहिजे, म्हणजे मावशींना स्वतःच्या जबाबदारीवर काही ठरवावे लागणार नाही.

पारलिंगी असल्याचे सांगून एखादा पुरुष आत शिरला तर?

ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या बाईला एकदा गर्दीत कोणी हात लावला आहे, तिला दाराकडे बघत बसण्याची सवय लागते. तिला आकडेवारी सांगून ती सवय जात नाही.

तरीही आकडेवारी आणि घटना दोन्ही सांगितल्या पाहिजेत. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, पारलिंगी व्यक्तींना त्यांच्या ओळखीनुसार शौचालय वापरू देणारी गावे आणि तसा नियम नसलेली गावे यांची तुलना करणारा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा नियमामुळे तिथे गुन्हे वाढल्याचे त्यात आढळले नाही. दुसरीकडे इंग्लंडमध्ये 2017 साली स्त्रियांच्या तुरुंगात ठेवलेल्या एका पारलिंगी कैद्याने, जिचा आधीच लैंगिक गुन्ह्यांचा इतिहास होता, सहकैदी स्त्रियांवर लैंगिक हल्ले केले आणि 2018 मध्ये तिला जन्मठेप झाली. पाच मिनिटे वापरायचे, आतून कडी लागणारे शौचालय आणि महिनोन्‌महिने एकत्र राहायला लागणारा, बाहेर पडता न येणारा तुरुंग, यांत फरक आहे. पहिल्या उदाहरणावरून दुसऱ्याची आणि दुसऱ्यावरून पहिल्याची उत्तरे काढली जातात, तिथेच गोंधळ होतो.

कायद्याची बाजू अशी : भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 नुसार खासगी अवस्थेतल्या स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत तिथे ‘कोणताही पुरुष’ असे शब्द होते. नव्या संहितेत ‘जो कोणी’ असे आहेत. म्हणजे आत शिरलेल्याची ओळख काय हे सिद्ध करत बसण्याची गरज नाही, त्याने काय केले एवढे पुरे. रेल्वेच्या महिला डब्याबाबत मात्र 1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 162 ‘पुरुष व्यक्ती’ असे म्हणते, आणि पारलिंगी स्त्री त्यात येते का हा प्रश्न तिकीट तपासनिसाच्या मर्जीवर सोडला जातो.

बायकांना संकोच वाटतो, म्हणजे त्या मागासलेल्या का?

मुळीच नाही. रामकुंडावर पर्वणी नसलेल्या साध्या दिवशीही पाहा. ओलेत्याने वर आलेल्या सासूभोवती सुना साडी धरून उभ्या असतात, एकीच्या दातांत पदराचे टोक असते, दुसरी पाठमोरी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवत असते. वस्त्रांतरगृह शेजारी असूनही गर्दीत तिथवर पोहोचणे सर्वांना जमत नाही. आडोसा ही आपल्याकडच्या बाईला रोज नव्याने उभी करावी लागणारी गोष्ट आहे. पुरुषाची शरीररचना असलेली व्यक्ती समोर असताना कपडे बदलायला नको वाटणे हा तिचा स्वतःच्या शरीरावरचा साधा हक्क आहे, आणि त्यासाठी तिने कोणाचा द्वेष करायला हवा असे नाही.

मात्र साडीचा तोच आडोसा पारलिंगी स्त्रीला कोण धरणार, हेही विचारावे लागते. पुरुषांच्या बाजूला ती गेली तर तिथे तिचे काय होते, हे तिला विचारून पाहा. पुरुषांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत पाठवणे हा तिच्यासाठी तोडगा नव्हे.

काळाराम मंदिरात अस्पृश्यांना बंदी होती, तसाच हा प्रकार आहे, असे म्हणता येईल का?

नाशिकमध्ये ही तुलना हटकून होते. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि दादासाहेब गायकवाडांनी वर्षानुवर्षे लावून धरलेला सत्याग्रह अशा दाराविरुद्ध होता, जे एका माणसाला दुसऱ्यापेक्षा हलके ठरवण्यासाठीच बंद केले होते. स्त्रियांच्या कपडे बदलण्याच्या खोलीचे दार पुरुषाला हलके ठरवण्यासाठी बंद नसते. म्हणून तुलना पुरती लागू पडत नाही. पण एखाद्या पारलिंगी स्त्रीला शौचालयच नव्हे तर खानावळ, भाड्याची खोली आणि दवाखान्याची रांगसुद्धा नाकारली जाते, तेव्हा मात्र तुलना अगदी जवळ येते, आणि ती टाळणाऱ्यांनी जरा थांबावे.

तृतीयपंथीयांसाठी वेगळे, तिसरे शौचालय बांधले की प्रश्न सुटतो ना?

काही अंशी. 2019 च्या कायद्याखाली केलेल्या 2020 च्या नियमांत वेगळी प्रसाधनगृहे आणि स्त्री-पुरुष दोघांनाही चालतील अशी प्रसाधनगृहे, या दोन्हींचा उल्लेख आहे. अनेक पारलिंगी स्त्रियांना वेगळी सोय हवी असते. काहींना त्या पाटीखालून आत जाणे म्हणजे चारचौघांत स्वतःची ओळख ओरडून सांगणे वाटते. शिवाय वेगळ्या शौचालयाला थोड्याच दिवसांत कुलूप लागते आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच माहीत नसते, हा प्रकार अपंगांच्या शौचालयांमुळे आपल्या परिचयाचा आहे.

मला पटलेला मार्ग साधा आहे : जमिनीपर्यंत येणारे दार, आतून नीट लागणारी कडी, आत दिवा आणि खुंटी असलेल्या एकेकट्या खोल्या. कडीच्या जागी नाडी बांधलेली आणि दाराला आतून बादली लावून ठेवायची, अशी बायकांची शौचालये मी या शहरात पुरेशी पाहिली आहेत. त्या नाडीबद्दल आपण कधी आंदोलन केले नाही.

वसतिगृहाचे काय?

इथे उत्तर अवघड आहे, आणि आम्ही ते नीट दिले नाही. आमच्या समितीकडे एका पारलिंगी स्त्रीचा अर्ज आला. तिच्याकडे प्रमाणपत्र होते, नोकरी होती, पगाराची पावती होती. पहिल्या बैठकीत आम्ही नियमावली वाचली, दुसऱ्या बैठकीत पालक काय म्हणतील यावर बोललो, आणि तिसरी बैठक दिवाळीनंतर ठेवली. राहणाऱ्या मुलींना विचारावे, असे तोवर कोणालाही सुचले नाही, मलाही नाही. अखेरीस विचारले तेव्हा बहुतेकींचे म्हणणे एकच होते : एकाच खोलीत सोय नको, पण कोपऱ्यावरची स्वतंत्र न्हाणीघराची खोली दिली तर हरकत नाही. दोघींना तेही मान्य नव्हते, आणि त्यांची कारणे ऐकल्यावर मला त्यांना गप्प करावेसे वाटले नाही. आम्ही होकार कळवला तोपर्यंत अर्जदार बाईने सिडकोत दुप्पट भाड्याची खोली घेतली होती.

कारागृहात कोणता नियम आहे?

केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्ये राज्यांना पाठवलेल्या सूचनेत पारलिंगी स्त्रिया व पारलिंगी पुरुष कैद्यांसाठी स्वतंत्र कक्ष ठेवावेत, मात्र त्यातून त्यांना पूर्ण एकांतवास घडू नये, असे म्हटले आहे. इंग्लंडमधल्या अनुभवानंतर तिथेही लैंगिक वा हिंसक गुन्ह्यातल्या पारलिंगी कैद्यांना स्त्रियांच्या तुरुंगात ठेवण्यावर 2023 मध्ये कडक निर्बंध आले. स्त्री-कैद्यांची सुरक्षितता इथे आधी पाहावी, असे मला वाटते, कारण नको वाटले तरी त्यांना उठून बाहेर जाता येत नाही.

आणि खेळात?

जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने मार्च 2023 मध्ये, पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना स्त्रियांच्या जागतिक स्पर्धांतून वगळले. वयात येताना मिळालेली उंची, हाडे आणि स्नायू नंतरच्या औषधांनी पूर्णपणे मागे जात नाहीत, हे त्यामागचे कारण आहे, आणि शर्यतीपुरते ते मला योग्य वाटते. कविता राऊतसारखी धावपटू सावरपाड्यातून जागतिक स्पर्धांपर्यंत पोहोचते, त्या जिल्ह्यात स्त्रियांच्या गटाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण भारतात लिंग-तपासणीच्या नियमांनी पोळलेल्या या खेळाडू पारलिंगी नव्हत्या. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेतले पदक गमावलेली शांती सौंदराजन आणि 2015 मध्ये क्रीडा लवादापुढे लढा जिंकलेली द्युती चंद, या दोघी जन्मापासून मुलगी म्हणून वाढल्या होत्या. ‘खऱ्या बाईची’ तपासणी सुरू झाली की पहिला घाव बहुधा गरीब घरातल्या, राकट दिसणाऱ्या मुलीवर पडतो.

‘स्त्री कोण’ हा प्रश्न आपल्या भागात कधी न्यायालयात आला आहे का?

दोनदा, आणि दोन्ही वेळा परदेशी वादापेक्षा वेगळ्या रीतीने. नाशिक ग्रामीण पोलिसांच्या 2018 च्या भरतीत एका तरुणीने स्त्रियांच्या गटातून अर्ज केला. वैद्यकीय तपासणीत तिची गुणसूत्रे पुरुषाची निघाली, ज्याची तिला स्वतःलाही कल्पना नव्हती. आयुष्यभर मुलगी म्हणून जगलेल्या या उमेदवाराचे प्रकरण 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले, तेव्हा सरकारने तिला शिपाई सोडून अन्य पदावर घेण्याची तयारी दाखवली.

दुसरे प्रकरण नाशिक विभागातल्याच जळगाव जिल्ह्यातले. भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत स्त्री-राखीव प्रभागातून एका पारलिंगी स्त्रीचा अर्ज फेटाळला गेला. जानेवारी 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला, आणि पुढे सोयीनुसार पुरुष म्हणून लाभ घेता येणार नाही हेही बजावले. ती निवडून आली. गावातल्या मतदारांनी तिला मते दिली, यावर ब्रिटनच्या निकालाची चर्चा करणाऱ्या आमच्या मंडळींनी कधी बोलल्याचे मला आठवत नाही.

पारलिंगी पुरुषांबद्दल कोणीच का विचारत नाही?

कारण त्यांची कोणाला भीती वाटत नाही. जन्माच्या लिंगावर बोट ठेवले तर दाढी-मिशा असलेल्या पारलिंगी पुरुषाला स्त्रियांच्या बाजूला पाठवावे लागेल, एवढे मात्र नियम करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

स्त्रियांच्या जागा वेगळ्या असाव्यात असे जाहीरपणे म्हणणे हा गुन्हा आहे का?

नाही. ते मत आहे आणि मांडता येते. कोणाला नावे ठेवून टाळ्या वाजवून दाखवणे हे मत नव्हे, आणि शाब्दिक छळही 2019 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये धरला आहे.

सिंहस्थासाठी पालिकेकडे नेमके काय मागावे?

गोदाकाठच्या प्रत्येक तात्पुरत्या वस्त्रांतरगृहात मोठ्या सामायिक खोलीबरोबर काही एकेकट्या, कडी लागणाऱ्या खोल्या असाव्यात, आणि त्या कोणीही, म्हणजे पारलिंगी स्त्री, म्हातारी, बाळंतीण किंवा नुसती संकोची बाई, कारण न सांगता वापराव्यात. किन्नर आखाड्याच्या साधूंची उतरण्याची आणि न्हाण्याची सोय त्यांच्याशी बोलून ठरवावी, ऐनवेळी पोलिसाने ठरवू नये. दारावर नेमलेल्या मावशींना लेखी सूचना आणि तक्रारीसाठी एका अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. निविदेच्या कागदात कडी, खुंटी आणि दिवा हे तीन शब्द लिहिले आहेत का, ते मी माहितीच्या अधिकारात विचारले आहे. उत्तर आले की इथेच जोडीन.